बुधवारचा विसावा

आमच्या घरी विसाव्याचा वार बुधवार होता. जगातले सगळे ख्रिस्ती लोक रविवारी धुतलेले कपडे घालून चर्चला जात आणि दुपारी पोटभर जेवून आडवे होत. आम्ही बापलेक मात्र बुधवारी चूल न पेटवता बसून राहत असू. याला कारण रेल्वे, असं मी बरेच दिवस समजत होते. पप्पा वाणगाव स्टेशनात केबिनमन होते, सिग्नल आणि सांधे बदलणारे लिव्हर ओढून गाड्या पास करायचं त्यांचं काम. रेल्वेच्या माणसाला सुट्टी नसते, त्याला ‘रेस्ट’ असते, आणि ती कुठल्या वारी पडेल ते वरून ठरतं. कॉलनीत कुणी कुणाच्या दारात हाक मारली की आतून उत्तर यायचं, “आज ह्यांची रेस्ट आहे, मग या.” पप्पांची रेस्ट बुधवारी होती, म्हणून देवाचा दिवसही आम्ही बुधवारी पाळायचो. “देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला,” वाणगावला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पप्पांनी मला समजावलं होतं, “पण मोजायला कुठल्या वारापासून सुरुवात करायची ते काही आपल्याला सांगितलेलं नाही. आपण गुरुवारपासून मोजू.” मी तेव्हा सातवीत होते आणि हे मला भलतंच हुशारीचं वाटलं होतं. त्यांना त्या हुशारीची गरज का पडली, हे मात्र मी विचारलं नाही.

आई असताना असलं काही मोजावं लागत नसे. आधीच्या स्टेशनात पप्पांची रेस्ट रविवारीच होती आणि तिचा विसावा भारी गजबजलेला असे. ती नगरकडची. शनिवारी संध्याकाळी ती धपाट्यांची चळत रचून ठेवी, लसणाची चटणी कुटून डबा भरी, पाणी भरून घेई, माझ्या डोक्याला तेल थापून वेणी घाली आणि मग केरसुणी दाराआड उभी करून तिला सांगे, “आता सोमवारपर्यंत तोंड दाखवू नकोस.” रविवारी ती उंबऱ्यात पाय पसरून बसे आणि मोठमोठ्याने भजनं म्हणे. पप्पा एक ओळ म्हणत, ती दुसरी. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बसवून घेई. माझं नाव मार्था तिनेच ठेवलं. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि तिची बहीण मार्था स्वयंपाकघरात राबत राहिली, ती गोष्ट उपदेशात आली की आई हमखास पुटपुटे, “बसणारीचं कौतुक सगळे करतात, पण त्या दिवशी जेवले ना सगळे?” आणि तीच बाई रविवारी पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्याला आणायला लावी. तिच्याजवळ बसलं की विसावा म्हणजे काय, हे वेगळं समजून घ्यावं लागत नसे.

ती गेली आणि पप्पांनी बदली मागून घेतली. वाणगावचं आमचं क्वार्टर रुळांच्या पूर्वेला होतं. पुढच्या दारातून बाजाराचा रस्ता दिसे आणि मागच्या दारातून रूळ. मिरचीच्या दिवसांत बाजारातून असा खकाणा येई की वर्गात बाई शिंकत शिंकत भूगोल शिकवत. वरोरच्या कोळणी टोपल्या घेऊन सकाळच्या गाडीने पुढे जात आणि त्यांच्यामागे फलाटावर ओल्या बोंबलांचा वास रेंगाळत राही. माझ्या वर्गातल्या मुली आपसात गुजराती मिसळून बोलत, काही वारलीतून बोलत, आणि माझी नगरी बोली ऐकून सगळ्याच हसत. ‘तू कुठली?’ या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. गावात आमच्यासारखं दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. प्रार्थनाघर होतं ते तलासरीच्या बाजूला, एका पाड्यावर, आणि तिथे जायचं तर डहाणूला जाऊन एसटी धरावी लागे.

मंगळवारी संध्याकाळी मी आईसारखे धपाटे करायला बसे. माझे धपाटे कडेने करपत आणि मधे कच्चे राहत. पप्पा ते दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खात. बुधवारी मी शाळेतून आले की ते मागच्या दारातल्या खाटेवर रुळांकडे तोंड करून बसलेले असत. दाढी केलेली नसे. मी दप्तर ठेवायची, पाणी प्यायची, ताट वाढून घ्यायची, आणि ते मान वळवून एकदा बघत. बस, तेवढंच. रागावलेले नसत, पण बोलत नसत. शास्त्र मांडीवर उघडं असे आणि पान उलटलेलं मला कधी दिसलं नाही. एखादी गाडी यायची झाली की दूर केबिनमधून लिव्हर ओढल्याचा खाडकन आवाज येई, आणि त्या आवाजाबरोबर पप्पांचा उजवा हात मांडीवरून उचलून मागे ओढला जाई. त्यांना ते ठाऊकही नसावं. केबिनमध्ये दुसरा माणूस होता, त्याच्या हाताखाली लिव्हर होते, तरी माझा बाप घरी बसून गाड्या पास करत होता. आज लोक मला विसाव्याबद्दल पुष्कळ सांगतात. डहाणूच्या किनाऱ्यावर आता मुंबईहून चर्चच्या मंडळ्या शिबिराला येतात. सुरूच्या बनाजवळच्या हॉटेलात उतरतात, पहिल्याच दिवशी मोबाइल टोपलीत जमा करून घेतात आणि वक्ता माईकवरून सांगतो की शांत व्हा. मीही एकदोनदा जाऊन आले, जेवण छान होतं. पण शांत बसणं आणि विसावणं यांत किती अंतर असतं, ते मी मागच्या दारातल्या त्या खाटेवर आधीच पाहून ठेवलेलं होतं.

शेजारी गंगाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान रुळांच्या गँगचे मुकादम. काकू इथल्याच, जवळच्या पाड्यातल्या. मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. बोलायच्या त्यासुद्धा कुंपणापाशी उभं राहून, हातात काहीतरी घेऊन. आम्ही राहायला आलो त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी त्यांनी पाहिलं की या घरात सकाळपासून चूल नाही, केर काढलेला नाही, विहिरीवर कुणी आलं नाही आणि नवीन केबिनमन दाढी न करता बाहेर नजर लावून बसलेला आहे. कुठल्याही शहाण्या बाईने जो अर्थ काढला असता तोच त्यांनी काढला. मी शाळेतून आले तशी मला कुंपणापाशी बोलावून हळूच विचारलं, “कोन गेलं गो पोरी?”

मी खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, “आई.”

काकूंनी तोंडावर पदर धरला. संध्याकाळी त्या पातेलंभर भात आणि वालाचं कालवण घेऊन आल्या, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही आणि शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं असतं. पाठोपाठ कॉलनीतल्या बायका आल्या, पुरुष आले, ओटीवर मान खाली घालून बसले. पप्पा गोंधळून हात जोडत राहिले. आई जाऊन तेव्हा पावसाळा उलटला होता. आज आमचा विसाव्याचा दिवस आहे, सुतक नाही, एवढं एक वाक्य ते सहज बोलू शकले असते. ते बोलले नाहीत. पुढच्या बुधवारी काकू परत जेवण घेऊन आल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, “तुमच्यात सुतक असंच पालतात काय? हप्त्यातनं एकदा?” मी पप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, “हो वहिनी. असंच समजा.” त्यानंतर दर बुधवारी आमच्याकडे काकूंचं जेवण येऊ लागलं आणि मंगळवारचे माझे उरलेले धपाटे गुरुवारी न्याहारीला संपवावे लागले. मला त्या ‘असंच समजा’चा फार राग आला होता. देवाच्या दिवसाला कुणी सुतक म्हणतं आणि पप्पा मान डोलावतात! पण रागाच्या खाली काहीतरी टोचत होतं, ते हे की काकूंचं फार चुकलेलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत पप्पा मला तलासरीकडच्या प्रार्थनाघरात घेऊन गेले. रेस्ट बुधवारची, म्हणून गेलो बुधवारी. मी नवीन फ्रॉक घातला होता. एसटीतून उतरून आम्ही बराच वेळ भाताच्या कापलेल्या शेतांमधून चालत राहिलो. पाड्यात पोचलो तर कुत्री आणि कोंबड्या सोडून कुणीही नव्हतं, सगळे गवत कापायला गेले होते. कुडाच्या भिंतींचं, कौलांचं ते लहानसं प्रार्थनाघर बंद होतं आणि कडीला काथ्याचा तुकडा बांधलेला होता. पप्पांनी तो सोडला नाही. ते पायरीवर बसले, मीही बसले. मग त्यांनी शास्त्र काढलं आणि बंद दाराकडे पाठ करून एक अध्याय हलक्या आवाजात वाचला. ऐकायला फक्त मी होते. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी वाटेवरून जाता जाता थांबली, आमच्याकडे, मग माझ्या फ्रॉककडे बघून म्हणाली, “आज कोन नाय. आज देवाला पन काम हाय. आयतवारी या.” आणि हसत पुढे गेली. आयतवार म्हणजे रविवार. पप्पा तिच्या पाठमोऱ्या भाऱ्याकडे बघत राहिले. मला हसू आलं नाही. तिथे घराघरांतून रविवारी निघणारी माणसं असतील, बाकावर सरकून एकमेकांना जागा करून देत असतील, आणि आपण दोघंच चुकीच्या वारी येऊन पायरीवर बसलोय, एवढंच मला कळत होतं. परत येताना एसटीत मला झोप लागली नाही.

माझा रविवार तर याहून वाईट. कॉलनीतल्या बहुतेकांच्या घरात त्या दिवशी कुणी ना कुणी असे. मासे तळल्याचे वास, रेडिओ, न्हाणीतून पोरांची रडारड. पप्पा केबिनमध्ये. मी घर झाडायची, भाकऱ्या थापायची आणि दुपारी डबा घेऊन रुळांच्या कडेने केबिनपाशी जायची. केबिन उंचावर होती, जिना चढायला पोरांना मनाई होती. मी खाली उभी राहून हाक मारली की पप्पा खिडकीतून आकडा बांधलेला दोर खाली सोडत. मी डबा आकड्याला अडकवायची, तो डुलत डुलत वर जाई, आणि पप्पा खिडकीतून म्हणत, “जेवलीस का?” “जेवले.” “ऊन आहे, जा घरी.” तेवढ्यात आतली घंटी वाजे आणि खिडकी रिकामी होई. हे झालं की माझा रविवार संपला. मला फार काही नको होतं. आठवड्यातला एक दिवस हवा होता, ज्या दिवशी आम्ही दोघं एका घरात असू आणि त्यांचं तोंड रुळांकडे नसून माझ्याकडे असेल. बुधवारी मी शाळेत आणि ते घरात, रविवारी मी घरात आणि ते केबिनमध्ये. हे सगळं रेल्वेने केलंय म्हणून मी रेल्वेवर मनातून चिडून होते.

म्हणून एका रविवारी डबा वर गेल्यावर मी घरी न जाता सरळ स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले. मास्तर गुजराती होते, वयस्कर, बशीत चहा ओतून फुंकर घालत बसले होते. मला बघून म्हणाले, “आव, दीकरी. काय पाहिजे?”

मी वाटेत पाठ करून आणलेलं म्हटलं, “माझ्या पप्पांना रविवारची रेस्ट द्या. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात रविवार पाळतात.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली. “अरे, ते काय मला माहीत नाय? तू लोक इकडे आला ना, तेव्हा पहिला मी त्याला रविवारच देत होतो. जोसेफ बोलला, साहेब, रविवार सोडून कुठलाबी वार द्या.” माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. मग उगाचच टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, “तुला बोलला नाय?”

मी घरी आले. रडले नाही. चुलीपुढे बसून राहिले आणि संध्याकाळी पप्पा आले तेव्हा त्यांना गरम भाकरी वाढली. सोमवार, मंगळवार शाळेला गेले. कसे काढले ते दिवस, नाही सांगता येत. बुधवारी मात्र वेणी घातली नाही, दप्तर भरलं नाही, आणि मागच्या दारातल्या खाटेसमोर पाट टाकून रुळांकडे पाठ करून बसले, म्हणजे रुळांकडे बघायचं तर त्यांना आधी मी दिसणार.

“शाळा?” पप्पांनी विचारलं.

“आज माझीपण रेस्ट आहे.”

केबिनमधून खाडकन आवाज आला, त्यांचा हात मागे गेला. मी म्हटलं, “तुम्ही मास्तरांना रविवार नको म्हणालात.” हात अर्ध्यावरच राहिला. गाडी धडधडत गेली, भांडी वाजली, परत शांत झालं. मग ते शास्त्र मिटून बाजूला ठेवत म्हणाले, “रविवारी मला घरात बसवत नाही गं.”

आई रविवारी गेली होती, हे मला माहीत होतं, मी तिथेच होते. सकाळी तिचं डोकं दुखत होतं. भजन झालं नाही. “जरा पडते,” म्हणाली. ही बाई दिवसा कधी आडवी झाली नव्हती. मी तिला पाणी विचारायला आत निघाले तर पप्पांनी मला अडवलं. “उठवू नकोस,” ते म्हणाले होते, “विसाव्याचा दिवस आहे. झोपू दे तिला.” आम्ही दोघं दुपारपर्यंत कुजबुजत बोललो, भांड्याचा आवाज होऊ दिला नाही. डोक्यातली शीर फुटली होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. उठवलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता, असंही सांगितलं. पण ते ‘कदाचित’ पप्पांनी बरोबर वाणगावला आणलं होतं.

“मला बरं वाटत होतं त्या दिवशी,” पप्पा म्हणाले. “बाहेर बसून मला वाटत होतं, बघा, इतक्या वर्षांनी बाई निवांत पडलीय. देवाचे आभार मानत होतो मी. आणि ती तिकडे...” त्यांनी मिटलेलं शास्त्र आणखी बाजूला सारलं. “रविवार आला की मला काम लागतं, बाळ. लिव्हर लागतात हाताला.”

मी बारा वर्षांची होते. आज मी त्यांच्या जवळ जाऊन बसले असते, हात धरला असता. तेव्हा माझ्या मनात फक्त माझंच होतं. “आणि मी?” मी म्हटलं, “रविवारी मी एकटी असते. बुधवारी तुम्ही इथे असता तरी मी एकटीच असते. तुमचा वार बुधवार. आईचा वार रविवार. मग माझा वार कोणता?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. वाणगावला आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं असावं, कारण ते म्हणाले, “वेणी का नाही घातलीस?” मग उठले, शर्ट घातला, चपला घातल्या आणि मागच्या दाराने रुळांकडे न जाता पुढच्या दाराने स्टेशनच्या रस्त्याला लागले. मला वाटलं, घर सोडून चालले. काकू जेवण घेऊन आल्या तेव्हा मी दारातच उभी होते. पप्पा परत आले ते बाजारातून माझ्यासाठी निळी रिबीन घेऊन. विसाव्याच्या दिवशी आमच्याकडे कधी खरेदी होत नसे. रिबीन माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “तुझा वार रविवार. मास्तरांना सांगून आलोय. पुढच्या महिन्यापासून.”

तो पहिला रविवार काही सोपा गेला नाही. मी शनिवारी धपाटे केले, त्यांत मीठ जास्त पडलं. सकाळी पप्पांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला, आणि मग आम्हा दोघांना काय करावं ते सुचेना. त्यांनी अध्याय वाचला, या वेळी पान उलटलं. मग भजन सुरू केलं. पहिली ओळ ते म्हणाले आणि थांबले, कारण दुसरी आईची असायची. ती मी म्हणावी की त्यांनी, हे ठरलेलं नव्हतं. ती ओळ कुणीच म्हटली नाही. तिच्या लांबीएवढे आम्ही गप्प बसलो, मग त्यांनी तिसरी घेतली. शेवटपर्यंत भजन आम्ही तसंच म्हटलं. दुपारी जेवून ते खाटेवर आडवे झाले, माझ्याकडे तोंड करून. मी त्यांना वर्गातल्या कसल्यातरी भांडणाची गोष्ट सांगत होते, ते हुं हुं करत होते, आणि मधेच हुंकार थांबले. झोपले होते. केबिनमध्ये लिव्हर पडला, खाडकन. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात हलला नाही.

गाडी धडधडत निघून गेली तरी ते उठले नाहीत. आणि मग मी अशी घाबरले की सांगता सोय नाही. रविवार, दुपार, आडवं झालेलं माणूस. मी त्यांच्या नाकापाशी बोट धरलं, श्वास जाणवला असं वाटलं, मग वाटलं तो वाराच असेल. उठवावं तर इतक्या महिन्यांनी माणूस झोपलंय. न उठवावं तर... मी खाटेच्या कडेला उभी राहून रडत होते, तेवढ्यात काकू पातेलं घेऊन मागच्या दारात आल्या. त्यांचा बिचाऱ्यांचा बुधवारचा हिशेब चुकला होता. आज चूल नाही बघून त्या कुजबुजल्या, “आता परत कोन गेलं गो?”

“कुणी नाही,” मी म्हटलं, “झोपलेत.”

“मग रडतेस कशाला?”

मी सगळं सांगितलं, आईचं, ‘उठवू नकोस’चं, आजचं. कसंबसं, हुंदक्यांत. काकूंनी पातेलं खाली ठेवलं, खाटेजवळ वाकून बघितलं आणि माझी मान धरून मलाही वाकवलं. “हे बघ. पोट वर येतंय, खाली जातंय. बघत राह्य. मी पन बसते तुझ्यासंगती.” आणि त्या चक्क खाली बसल्या. काकू! सवयीने त्यांनी कनवटीची वालाची पुरचुंडी काढली, दोन वाल सोलले आणि एकदम थांबल्या. “तुमच्यात आज काम नाय चालत ना?” मी मान हलवली. त्यांनी पुरचुंडी परत खोचली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे अशा बघत राहिल्या की मला रडता रडता हसू फुटलं. थोड्या वेळाने त्यांचीही मान कलली. एक बाप झोपलेला, एक शेजारीण पेंगलेली, आणि मी दोघांच्या पोटांवर पाळत ठेवून बसलेली. गाड्या येत होत्या, जात होत्या. पप्पांवाचून जात होत्या आणि सुखरूप जात होत्या. संध्याकाळच्या शटलला पप्पा जागे झाले, काकूंना बघून दचकून उठून बसले. “काय झालं? कोण आलंय?”

“कोन नाय,” काकू डोळे चोळत म्हणाल्या, “आम्ही बसलोय.”

पुढे मी नर्स झाले, तलासरीच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नोकरी केली, आणि माझाही ऑफ कधी सोमवारी तर कधी शुक्रवारी पडू लागला. लग्न केलं नाही. पप्पा रिटायर होऊन माझ्याकडे डहाणूला राहायला आले. शेवटच्या वर्षांत त्यांना बाकी काही लक्षात राहत नसे. मी रोज सकाळी ड्युटीची साडी नेसून पर्स उचलली की ते खाटेवरून विचारत, “आज कुठला वार?” सुरुवातीला मी खरा वार सांगायची. सोमवार म्हटलं की त्यांचा उजवा हात चादरीवर लिव्हर शोधू लागे. मग मी खरं सांगणं सोडून दिलं. कुठलाही वार असो, मी म्हणायची, “रविवार, पप्पा.” हात थांबायचा. ते खाटेवर जरा सरकून जागा करायचे आणि म्हणायचे, “मग बस ना जरा.” आणि मी पर्स घेऊन, उशीर होत असताना, बसायची.

आता ते नाहीत, गंगाकाकू नाहीत, केबिनही पाडली. माझ्या बिल्डिंगमध्ये माणसं चांगली आहेत, पण गॅस पेटला की नाही हे बंद दाराबाहेर कुणाला कळणार? मी रविवारी चूल पेटवत नाही. कुणी पातेलं घेऊन येत नाही, कोण गेलं म्हणून विचारत नाही. एकटीने विसावणं अवघड असतं, आठवडाभर एकटीच असणारीला तर फारच. म्हणून सकाळी प्रार्थनेहून आले की मी दार उघडं टाकते, पप्पांच्या खाटेसमोर खुर्ची ओढते आणि थोडा वेळ थांबते, कुणाला ‘आज कुठला वार?’ असं विचारायला लागतो तेवढा वेळ. मग “रविवार, पप्पा,” असं मोठ्याने म्हणते आणि बसते.